‘आमचे डॉक्टर योजनेत नाहीत’

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई सरकारी रुग्णालयातून समाजसेवा अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही माढा तालुक्यातले. गेल्या महिन्यात पहाटे वडिलांच्या छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला. गाडी करून सोलापूरला एका खासगी रुग्णालयात नेलं. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरांनी लगोलग कार्डिओग्राम काढला, गोळ्या चघळायला दिल्या, सुई लावली. दुपारी अँजिओप्लास्टी झाली. वडील आता बरे आहेत, रानात जायचा हट्ट करतात. पण दोन गोष्टी मनातून जात नाहीत. त्या डॉक्टरांच्या ॲप्रनवर ‘एमबीबीएस, एमईएम’ असं होतं. गावातले मेडिकलवाले म्हणतात, असली डिग्रीच नसते. दुसरं म्हणजे, केशरी रेशनकार्ड दाखवून जनआरोग्य योजनेचं विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘आमचे डॉक्टर योजनेत नाहीत.’ म्हैस विकली, सोसायटीची उचल घेतली आणि एक लाख ऐंशी हजार भरले. ते पैसे आता कार्ड दाखवून परत मिळतील का? आणि तो डॉक्टर खरा होता का? – एक वाचक, ता. माढा

उत्तर : वडील रानात जायचं म्हणतात, म्हणजे पहाटेचं काम नेमकं झालं. छातीत दुखणारा माणूस दारात आला की पहिल्या दहा मिनिटांत कार्डिओग्राम निघाला पाहिजे, असा या शास्त्राचा दंडक आहे. तो त्या पोराने पाळला. कोटावर काय लिहिलं होतं ते आता बघू.

मेडिकलवाल्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. एमईएम म्हणजे ‘मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन’. बड्या खासगी रुग्णालयांमध्ये एमबीबीएस झालेल्यांना हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवतात. बऱ्याच ठिकाणी त्याचं प्रमाणपत्र परदेशी विद्यापीठाच्या नावाने मिळतं. शिक्षण खोटं नाही, रात्रपाळ्या तर मुळीच खोट्या नाहीत. पण राष्ट्रीय वैद्यक आयोग त्याला पदव्युत्तर पदवी मानत नाही. आपल्याकडे या विषयात मान्यता आहे ती एमडीला आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीएनबीला. म्हणजे तुमचे डॉक्टर एमबीबीएस म्हणून खरे, तज्ज्ञ म्हणून नोंदलेले नाहीत. ‘बोगस’ हा शब्द गावात बोलू नका. मेडिकलवाल्यांनाही सांगा.

खात्री करायची तर ॲप्रन वाचू नका, डिस्चार्ज कार्ड वाचा. खालच्या कोपऱ्यात सहीजवळ शिक्का असतो, त्यात नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून लिहून ठेवलंय की चिठ्ठी, दाखला आणि पैशांची पावती या तिन्हींवर हा क्रमांक पाहिजे. आमच्या वॉर्डात शाई नेहमी कोरडी, शिक्क्यातला शेवटचा आकडा उमटायचाच नाही. मी केसपेपर ट्यूबलाइटखाली धरून वाचायचे आणि वाचता नाही आला तर परत पाठवून पेनाने लिहून आणायला लावायचे. इंटर्न पोरं वैतागायची. वैतागू देत. तो क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकला की नाव निघतं. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, तेही बघून घ्या.

नाव तिथे सापडलं नाही तरी लगेच घाबरू नका. तालुक्याच्या गावांत रात्रीचा आरएमओ, म्हणजे रुग्णालयात मुक्कामी असलेला डॉक्टर, बहुतेक वेळा बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा पदवीधर असतो. त्याची नोंदणी वेगळ्या परिषदेकडे, म्हणजे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. तो डॉक्टरच आहे, फक्त हृदयरोगतज्ज्ञ नाही. मला राग येतो तो पाटीवर नुसतं ‘एमडी’ लिहिणाऱ्यांचा. एमडी कशात, ते पाटीवर लिहायला काय होतं? आयुर्वेदातली एमडी असते, औषधशास्त्रातली असते, शवविच्छेदन शिकवणाऱ्यांचीही असते. विचारायला लाजू नका. चांगला डॉक्टर सांगतो, आणि जो चिडतो त्याचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं.

आता योजना. ‘आमचे डॉक्टर योजनेत नाहीत’ हे वाक्य मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत रोज ऐकलं आहे, आणि ते निरर्थक आहे. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत डॉक्टर नसतोच, रुग्णालय असतं. करार राज्य आरोग्य हमी सोसायटीचा रुग्णालयाशी होतो, आणि तोही एकेका विशेषोपचारासाठी. हाडांसाठी अंगीकृत, म्हणजे करार झालेलं, रुग्णालय हृदयासाठी नसू शकतं. रुग्णालय अंगीकृत होताना त्या त्या विषयाच्या तज्ज्ञाची पदवी आणि नोंदणी क्रमांक दाखवावा लागतो. डॉक्टरांच्या डिग्रीचा आणि योजनेचा संबंध येतो तो एवढाच. तुमच्या वडिलांच्या उपचारासाठी योजनेकडे पूर्वमंजुरी मागितली असती तरी ती हृदयरोगतज्ज्ञाच्या नावाने गेली असती. पहाटे सुई लावणाऱ्या पोराकडे एमडी असती तरी आणि नसती तरी मंजुरीत काडीचा फरक पडला नसता.

मग त्या काउंटरवरच्या मुलाला म्हणायचं काय होतं? कदाचित रुग्णालय योजनेत नसेलच. कदाचित योजनेत असेल, पण हृदयरोगासाठी नसेल. या दोन्हींत त्याने सरळ तसं सांगायला हवं होतं. तिसरी शक्यता वाईट आहे. रुग्णालय हृदयरोगासाठी अंगीकृत आहे, पण अँजिओप्लास्टी करायला बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांना पॅकेजचा, म्हणजे योजनेने त्या उपचारासाठी ठरवलेला, दर परवडत नाही, म्हणून रुग्णालाच पैसे मागायचे. याला करारात जागा नाही. अंगीकृत रुग्णालयाने मंजूर उपचारासाठी पात्र कुटुंबाकडून एक रुपया घ्यायचा नाही. तपासण्या, औषधं, स्टेंट, जेवण, एवढंच काय घरी जायचं भाडंसुद्धा पॅकेजमध्ये धरलेलं असतं. बाहेरच्या डॉक्टरांना किती द्यायचे ते रुग्णालयाने आणि त्यांनी आपापसांत बघावं.

यातलं तुमच्या बाबतीत काय घडलं हे योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर फोन करून कळेल. रुग्णालयाचं नाव सांगा, दाखल केल्याची तारीख सांगा आणि विचारा, ‘त्या दिवशी हे रुग्णालय हृदयरोगासाठी अंगीकृत होतं का?’ प्रश्न असाच विचारा. नुसतं ‘योजनेत आहे का’ विचारलंत तर ‘हो’ म्हणतील आणि तुम्ही पुन्हा तिथेच.

उत्तर हो आलं तर तुमचं भांडण उभं राहतं. पैसे भरल्याच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड, अँजिओप्लास्टीचा अहवाल, रेशनकार्डाची झेरॉक्स घ्या आणि योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे लेखी तक्रार द्या. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या. ‘काउंटरवर विचारलं होतं आणि असं उत्तर मिळालं’ हे तारीख-वेळेसह लिहा. अशा तक्रारींत रुग्णालयांना पैसे परत करावे लागल्याचं मी पाहिलं आहे.

उत्तर नाही आलं तर मात्र मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. ही योजना कॅशलेस आहे. खासगी विम्यात आधी भरायचे आणि मग बिलं पाठवून मागायचे अशी सोय असते, ती इथे नाही. अंगीकृत नसलेल्या रुग्णालयात भरलेले पैसे योजनेतून परत येत नाहीत, मग कार्ड केशरी असो की पिवळं.

तुमचं पत्र मी मुद्दाम सविस्तर घेतलं, कारण पुढची पहाट दुसऱ्या कुणाच्या घरी उजाडणार आहे. सोलापूर हा ही योजना पहिल्यांदा आलेल्या आठ जिल्ह्यांपैकी एक. २ जुलै २०१२ ला ‘राजीव गांधी जीवनदायी’ नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं. इतकी वर्षं झाली तरी लोक कार्ड खिशात ठेवून पैसे भरतात. आता तर पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ती लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत.

अंगीकृत रुग्णालयात शिरलं की बाह्यरुग्ण विभागाजवळ आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. संगणक, कॅमेरा, टाचणी मारलेल्या झेरॉक्सची चळत. त्याला रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र लागतं. रुग्णाचा खाटेवरचा फोटोसुद्धा काढून पाठवतात, त्याला घाबरू नका. अडतं ते नावात. रेशनकार्डावर ‘दत्तू’, आधारवर ‘दत्तात्रय’. सून अजून माहेरच्याच कार्डावर. तान्ह्या बाळाचं नाव कुठेच नाही. हे रात्री दोन वाजता निस्तरत नाही, तेव्हा तहसीलला उन्हाळ्यातच एक चक्कर मारा. आणि रात्री टेबलाची खुर्ची रिकामी दिसली म्हणून माघारी फिरू नका. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून पूर्वमंजुरी घेण्याची तरतूद आहे, कागद मागाहून जोडता येतात. मात्र सगळं घरी जायच्या आधी झालं पाहिजे. डिस्चार्ज झाला की खिडकी बंद.

कुणी ‘आधी पैसे, मग हात लावू’ म्हणालं तर? १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. गाडीने उडवलेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयात नेलं तर तिथल्या लोकांनी पोलीस केस म्हणून घेतलं नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवलं. माणूस वाटेतच गेला. परमानंद कटारा यांच्या त्या याचिकेवर न्यायालयाने सांगितलं की जीव वाचवण्याचं कर्तव्य सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरवर आहे, कायद्याचे सोपस्कार त्याच्या आड येता कामा नयेत. धर्मादाय रुग्णालय असेल तर आणखी स्पष्ट. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागायची नाही, आधी दाखल करून त्याला स्थिर करायचं. पाटीवर ‘धर्मादाय’ असा शब्द आहे का ते बघा. खासगी दिसणारी कितीतरी मोठी रुग्णालयं ट्रस्टची असतात.

अपघातवाल्यांसाठी वेगळी ओळ. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. रस्त्यावर मोटारगाडीमुळे झालेल्या अपघातात जखमी झालेल्याला, अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत. इथे रेशनकार्डाचा रंग कुणी विचारत नाही.

प्रश्न : मुलगी लातूरला एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला इमर्जन्सी मेडिसिनच करायचं आहे. आम्हाला वाटतं, ही ‘कॅज्युअल्टीची ड्यूटी’ म्हणजे काही स्पेशालिटी नव्हे. शिवाय एका संस्थेकडून फोन आला होता की प्रवेश परीक्षेशिवाय ‘मास्टर्स’ मिळेल. – एक पालक, लातूर

उत्तर : तुमचा समज जुना आहे, पण तो का झाला ते मला कळतं. आमच्या काळी अपघात विभागात ज्याची पाळी लागेल तो बसायचा. त्वचारोगवाला, डोळ्यांचा, कुणीही. अमेरिकेत हा स्वतंत्र विषय १९७९ मध्ये मान्य झाला, आपल्या वैद्यक परिषदेने मान्य करायला २००९ उजाडलं. मधल्या तीस वर्षांत आपल्या दारात किती जण नुसत्या ‘वाट बघा’ने गेले असतील, त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

मुलीला करू द्या. पण नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन एमडी किंवा डीएनबी. दोन्हींची नोंद कौन्सिलकडे अतिरिक्त पदवी म्हणून होते. मेडिकल कॉलेजात शिकवायचं तर तीच लागते, आणि सरकारी जाहिरातीत तज्ज्ञाच्या पदाला अर्ज करायचा तर तीच. फोनवरची ‘मास्टर्स’ तिला काम शिकवेल, नोकरीही देईल, पण चाळिशीत तिच्याच हाताखाली शिकलेली एमडी झालेली मुलगी विभागप्रमुख होईल. ब्रिटनला जायचं डोक्यात असेल तर तिथल्या रॉयल कॉलेजची एमआरसीईएम परीक्षा उपयोगी आहे, तो वेगळा रस्ता. पैसे भरण्याआधी संस्थेला एकच प्रश्न लेखी विचारायचा : ‘या पदवीची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये अतिरिक्त पदवी म्हणून होते का?’ ‘इंटरनॅशनली रेकग्नाइज्ड’ असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या.

प्रश्न : मी ६८ वर्षांची, एकटी. सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला मुलाकडे जात आहे. रक्तदाब आणि साखर दोन्ही आहे. मुलगा म्हणतो, त्यांच्या जवळच्या रुग्णालयातल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या नावापुढे ‘मेडिकेअर स्वीकारतात’ असं दिसतं, तेव्हा काळजी नको. खरंच नको का? – एक आजी, पुणे

उत्तर : आजी, काळजी हवी. मेडिकेअर ही तिथल्या सरकारची पासष्टीवरच्यांसाठीची विमा योजना आहे. त्यासाठी नागरिक असावं लागतं, नाहीतर ग्रीन कार्ड घेऊन सलग पाच वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. तुम्ही पाहुण्या. डॉक्टरने मेडिकेअर घेतली काय, न घेतली काय, तुमच्या कामाची नाही.

गंमत अशी की ‘डॉक्टर योजनेत आहेत का’ हा जो प्रश्न माढ्याच्या वाचकांच्या बाबतीत निरर्थक होता, तो अमेरिकेत बरोबर ठरतो. तिथे डॉक्टर मेडिकेअरमध्ये स्वतंत्रपणे नोंद करतो, त्याला दहा आकडी ओळख क्रमांक असतो आणि सरकारी दर पूर्ण मान्य आहे की नाही हे तो स्वतः ठरवतो. रुग्णालय वेगळं, इमर्जन्सी डॉक्टर वेगळा, आणि बिलंही बहुधा दोन येतात. पहिलं बिल भरून मुलगा निर्धास्त बसतो आणि महिन्याने दुसरं पाकीट येतं. तिथल्या विमाधारकांना अशा अचानक बिलांपासून वाचवणारा कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, पण प्रवासी विम्यावर आलेल्या पाहुण्याने त्यावर विसंबू नये.

१९८६ च्या कायद्यामुळे तिथलं इमर्जन्सी खातं तुम्हाला विमा नाही म्हणून दारातून परत पाठवू शकत नाही. तपासतील, स्थिर करतील. बिल मात्र येतं, आणि ते बघून रक्तदाब पुन्हा वाढतो.

म्हणून इथूनच प्रवासी आरोग्य विमा घ्या. एजंटला विचारा, आधीपासूनच्या आजारामुळे उद्भवलेली तातडीची अवस्था यात धरली आहे का, किती रकमेपर्यंत? तुमचा रक्तदाब आणि साखर अर्जात लिहा. लपवलंत आणि तिथे पक्षाघाताचा झटका आला, तर कंपनीला आयतं कारण मिळेल. औषधांची चिठ्ठी जेनेरिक नावांसह टाइप करून पर्समध्ये ठेवा. तिथला डॉक्टर खरा की खोटा याची चिंता करू नका. ‘बोर्ड सर्टिफाइड’ लिहिलं असेल तर त्या विषयाच्या मंडळाची परीक्षा पास केलेली असते.

प्रश्न : १०८ च्या गाडीत जो डॉक्टर असतो तो कोण असतो? आणि गाडी आपण सांगू त्या रुग्णालयात नेते का? – एक वाचक, संगमनेर

उत्तर : बहुतेक बीएएमएस किंवा बीयूएमएस (युनानी), तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेले. २०१४ मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटरसारखी प्रगत साधनं आणि बाकी ७०४ साध्या. गाडी फुकट आहे, चालकाच्या हातात शंभराची नोट कोंबू नका. तिची पहिली धाव बहुधा जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे असते. गाडीत बसल्या बसल्या डॉक्टरांना सांगा की रेशनकार्ड सोबत आहे, आणि या आजारासाठी जवळ कुठलं रुग्णालय अंगीकृत आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसाला तोवर १५५३८८ वर विचारायला लावा. उतरताना गाडीतल्या नोंदीची प्रत मागून घ्या. कुठलं औषध किती वाजता दिलं ते त्यात असतं, आणि अपघात विभागातला डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतो.